पंधरा काड्यांचा एक शब्द

मागच्या अंकात या सदराच्या डोक्यावर मी एक इंग्रजी 'एम' मोठा करून छापला होता. काळाकुट्ट, खांबासारख्या तीन दांड्यांचा, आणि दांड्यांच्या कडेनं केसाएवढ्या बारीक रेघा. तो रुडॉल्फ कोख या जर्मन अक्षरकारानं केलेल्या 'विल्हेल्म-क्लिंगस्पोर-गोटिश' या टाईपातला होता. ओळख द्यायला जागा उरली नाही, तर ती वाचकांनीच मागून घेतली. या वेळची जवळजवळ सगळी पत्रं त्या काळ्या, काटेरी अक्षरांबद्दल, म्हणजे 'ब्लॅकलेटर'बद्दल आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच देते.

प्रश्न : मुलाचं लग्न डिसेंबरात आहे. सून गोव्याची, ख्रिश्चन घरातली. पत्रिकेची एक बाजू मराठी, एक इंग्रजी. प्रेसवाल्यानं इंग्रजी बाजू 'ओल्ड इंग्लिश'मध्ये केली आहे. दिसते भारदस्त, पण आमच्याकडे नावं कुणालाच वाचता येत नाहीत. व्याही म्हणतात, चर्चच्या लग्नाला हेच शोभतं. नमुना सोबत पाठवत आहे. (सांगली)

उत्तर : व्याह्यांचं बरोबर आहे आणि तुमचंही. चूक अक्षराची नाही, ते वापरण्याची आहे. नमुन्यात दोन्ही नावं आणि आडनावं सगळी कॅपिटलमध्ये लावली आहेत. या जातीच्या अक्षरांना तेवढं एक सहन होत नाही.

का, ते सांगते. या टाईपातलं कॅपिटल अक्षर एकट्यानं उभं राहण्यासाठी घडलेलं असतं. पोट फुगलेलं, आत एक-दोन आडव्या-उभ्या रेघा, डावीकडे एखादा काटा. त्याच्यामागून साधी, ताठ, एका उंचीची लहान अक्षरं चालत येणार हे धरूनच ते इतकं नटलेलं असतं. पालखीपुढे एक अब्दागिरी असते, ती शोभते. अब्दागिऱ्यांचीच रांग लावली तर पालखी दिसेनाशी होते. तुमच्या नमुन्यात तेच झालंय.

प्रेसवाल्याला एवढंच सांगा : प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी लहान. दोन अक्षरांमध्ये जास्तीची जागा सोडायची नाही. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये नाव पसरून ओळभर करण्याची सवय असते, ती इथे मोडायला लावा. काळ्या अक्षरात अक्षराच्या आतली पांढरी फट आणि दोन अक्षरांमधली फट जवळपास सारखी लागते. अंतर वाढवलं की विणीतले धागे सुटावेत तसा शब्द सुटतो. शिवाय हा टाईप फक्त दोन नावांना द्या. तारीख, वेळ, हॉलचा पत्ता आणि 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' हे सगळं साध्या रोमनमध्ये, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतल्या नेहमीच्या अक्षरांत, मधे भरपूर मोकळी जागा ठेवून. व्याह्यांना त्यांचं चर्च मिळेल आणि तुमच्या नातेवाइकांना हॉल सापडेल.

तुमच्या नमुन्यात आडनावात एम, यू, एन ही अक्षरं लागोपाठ आली आहेत. तिथे कॅपिटल काढूनही थोडी अडचण राहीलच, आणि ती या अक्षरांइतकीच जुनी आहे. एका कागदावर इंग्रजी 'मिनिमम' शब्द लहान अक्षरांत, सगळ्या रेघा सरळ उभ्या ठेवून लिहून पाहा. एमच्या तीन, आयची एक, एनच्या दोन, यूच्या दोन. मोजा, पंधरा काड्या भरतात. हाताने पोथ्या लिहिणाऱ्या युरोपातल्या लेखनिकांसमोर हे कुंपण रोज उभं राहायचं. त्यात आय ओळखू यावा म्हणून ते त्याच्या डोक्यावर एक बारीक तिरपी रेघ मारू लागले. तीच रेघ आज आपल्या आयचा टिंब होऊन बसली आहे. तेव्हा तुमच्या पत्रिकेत आयवरचा टिंब ठळक दिसतो ना, एवढं प्रूफमध्ये नक्की बघा.

आणखी एक. पत्रिका स्क्रीन प्रिंटिंगनं सोनेरी शाईत करणार असाल तर बारीक रेघांचा टाईप घेऊ नका. मी स्वतः हे भोगलं आहे. एका संस्थेच्या मानपत्रासाठी मी तोच क्लिंगस्पोर टाईप वापरला, चौदा पॉइंटात, मखमली कागदावर. रेघा छपाईच्या जाळीतच बुजल्या. जिथे केसासारखी नक्षी असायला हवी तिथे सोनेरी डाग पडले, आणि मानपत्र घेणारे गृहस्थ त्या डागावरून बोट फिरवत होते, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून हा टाईप चोवीस पॉइंटांच्या खाली मी लावत नाही, आणि लावलाच तर ऑफसेटवर, गुळगुळीत कागदावर, काळ्या शाईत. काळ्याच. तो त्यासाठीच जन्मला आहे.

प्रश्न : संगणकावर 'गॉथिक' शोधलं तर 'सेंच्युरी गॉथिक' येतं आणि ते तर एकदम साधं, गोलगोल निघतं. मग गॉथिक म्हणजे नक्की कुठलं? (जळगाव)

उत्तर : दोन्ही. अमेरिकेतल्या टाईप फाउंड्र्यांनी, म्हणजे अक्षरांचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यांनी, टोकांना पाय नसलेल्या साध्या अक्षरांना 'गॉथिक' म्हणायला सुरुवात केली. 'फ्रँकलिन गॉथिक' हे त्यातलं प्रसिद्ध नाव. युरोपात मात्र गॉथिक म्हणजे ही काटेरी काळी अक्षरं. गंमत अशी की 'फ्रँकलिन गॉथिक' करणाऱ्या मॉरिस फुलर बेंटन यांनीच १९०१ साली 'वेडिंग टेक्स्ट' हा नाजूक काळाक्षरी टाईप केला, तोही खास लग्नपत्रिकांसाठी. तुम्ही 'ब्लॅकलेटर' असं शोधा. ऑफिसच्या पॅकेजबरोबर येणारं 'ओल्ड इंग्लिश टेक्स्ट' तुमच्या संगणकात बहुधा आधीच असेल.

प्रश्न : मी पुण्यात जर्मन शिकते. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत एक जर्मन वाचनमाला मिळाली, ती पूर्ण याच अक्षरांत आहे. एस आणि एफ सारखेच दिसतात. ए आणि यू मध्ये गोंधळ होतो. हे शिकण्यात अर्थ आहे का? (पुणे)

उत्तर : आहे! आणि तुम्ही मला हा प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला, कारण बहुतेकांना ही अक्षरं फक्त लावायची असतात, वाचायची नसतात.

तुमच्या पुस्तकातली जात 'फ्राक्टूर' असणार. काळ्या अक्षरांचं घराणं मोठं आहे. सगळ्यात ताठ ती टेक्स्टुरा. माइन्झ गावी योहानेस गुटेनबर्गनं १४५५च्या सुमाराला बेचाळीस ओळींचं बायबल छापलं ते टेक्स्टुरात. इटलीत तीच अक्षरं गोलावली, ती रोटुंडा. जर्मनीत लोकांच्या हातात जास्त खेळली ती श्वाबाखर. धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या १५२२च्या जर्मन बायबलाचा (नव्या कराराचा) मजकूर श्वाबाखरमध्येच आहे. आणि सम्राट मॅक्सिमिलियनच्या पदरच्या छपाईतून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पुढे आली ती फ्राक्टूर. तिच्यात ताठ रेघ आणि वळण दोन्ही आहेत. नावाचा अर्थच 'मोडलेली'. वळण घेता घेता रेघ मधेच मोडून कोन करते, म्हणून.

आता तुमचा एस. तो दोन प्रकारचा असतो. एक लांब, एफसारखा उभा, पण त्याची आडवी रेघ उजवीकडे पार जात नाही. भिंग घेऊन बघा, एफची जाते. दुसरा आपल्या ओळखीचा गोल. गोल एस शब्दाच्या किंवा समासातल्या घटकशब्दाच्या शेवटी येतो, बाकी बहुतेक ठिकाणी लांब. यानं वाचणाऱ्याची केवढी सोय होते, त्याचं एक उदाहरण जर्मन शिकवणारे नेहमी देतात. एकाच स्पेलिंगचा एक शब्द आहे. मधला एस लांब असेल तर तो 'वाख-श्टूबे', म्हणजे पहारेकऱ्यांची खोली. गोल असेल तर 'वाक्स-टूबे', म्हणजे मेणाची ट्यूब. साध्या रोमन टाईपात हे दोन शब्द तंतोतंत सारखे दिसतात. काळ्या अक्षरात समास कुठे तुटतो ते अक्षरच सांगतं. आपल्याकडे संधी-समास शिकताना पाटीवर उभी रेघ मारून शब्द फोडायचो, तसं. इथे ती रेघ टाईपातच आहे.

ए आणि यूचं म्हणाल तर कॅपिटल ए वरून जवळजवळ मिटलेला आणि यू वरून उघडा, एवढं धरून चला. शंभर ओळी मोठ्यानं वाचा. तिसऱ्या पानावर तुम्ही अक्षरं बघणं सोडून गोष्ट वाचायला लागाल.

त्या पुस्तकात मधेच एखादा शब्द अक्षरं फाकवून लावलेला दिसेल. ती छपाईची चूक समजू नका. या जातीत तिरपी अक्षरं नव्हती, म्हणून जोर द्यायचा तर जुळारी, म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणारा, खिळ्यांमध्ये (एकेका अक्षराच्या धातूच्या ठशांमध्ये) बारीक फटी घालायचा. पण सी-एच, सी-के यांसारखी जोडाक्षरं तेव्हाही फाकवायची नाहीत, हा पक्का नियम. माझ्या वडिलांच्या छापखान्यात मी देवनागरी खिळे जुळवत मोठी झाले. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना त्यांचे स्वतःचे कप्पे होते. ते जर्मन जोडाक्षर पहिल्यांदा कळलं तेव्हा मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. गुटेनबर्गनंही त्या एका बायबलसाठी सुमारे २९० वेगवेगळे खिळे पाडले होते. सव्वीसहूनही कमी अक्षरांच्या लिपीत! एकाच अक्षराचे रुंद-अरुंद प्रकार आणि जोडाक्षरं, म्हणून इतके. ओळीची उजवी कड सरळ यावी आणि मधे मोठी भोकं पडू नयेत, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

प्रश्न : ही नाझींची अक्षरं नाहीत का? सिनेमात तर तसंच दाखवतात. तुम्ही त्यांचं कौतुक का करता? (ठाणे)

उत्तर : तुमच्या मनात हे येणं स्वाभाविक आहे, आणि त्याचं अर्ध उत्तर 'हो' असंच आहे. १९३३ नंतर जर्मनीत ही अक्षरं राष्ट्राभिमानाची म्हणून मिरवली गेली. त्या काळात अनेक नवे टाईप निघाले. सगळी वळणं छाटलेली, नुसती ठोकळ्यासारखी अक्षरं. त्यांना पुढे लोकांनी लष्करी बुटांवरून नाव पाडलं. ती अक्षरं मला बघवत नाहीत आणि मी ती कधी वापरणार नाही.

पण ३ जानेवारी १९४१ ला काय झालं तेही माहीत हवं. नाझी पक्षातला बडा अधिकारी मार्टिन बोरमान याच्या सहीनं हिटलरच्या वतीनं एक परिपत्रक निघालं. त्यात ही अक्षरं मुळात 'ज्यूंची श्वाबाखर अक्षरं' आहेत असा बिनबुडाचा शोध लावून त्यांचा वापर थांबवायला सांगितलं होतं आणि यापुढे रोमन हीच नेहमीची अक्षरं ठरवली होती. ज्या कागदावर ते परिपत्रक निघालं त्याच्या डोक्यावर पक्षाचं नाव याच काळ्या अक्षरांत छापलेलं होतं. म्हणजे ज्यांनी ही अक्षरं बळकावली त्यांनीच ती घराबाहेर काढली. युद्धानंतर ती जर्मनांच्या रोजच्या वाचनात पुन्हा आली नाहीत. फ्रँकफुर्टच्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं अग्रलेखांच्या मथळ्यांपुरती ती जपली होती, २००७ साली तीही गेली.

नाझींच्या आधीची शेकडो वर्षं मात्र नाझींची नाहीत. इंग्लंडात १६११ साली राजा जेम्सचं बायबल छापलं ते काळ्या अक्षरांत. मूळ भाषेत नसलेले, वाक्य पुरं करण्यासाठी घातलेले शब्द तेवढे लहान रोमनमध्ये. आज त्याच्या नेमकं उलट वाटावं अशी ती मांडणी! त्या पानांवर साधं, नेहमीचं अक्षर म्हणजे काळं अक्षर, आणि रोमन होतं ते वेगळं काढलेलं. हे समजून घेतलं की त्यांच्याकडे भुताखेताची किंवा हुकूमशहाची अक्षरं म्हणून बघणं आपोआप कमी होतं. तरी एक सांगते : जर्मनीशी, त्या युद्धाशी किंवा ज्यूंच्या इतिहासाशी संबंध असलेल्या कामावर ही अक्षरं केवळ शोभेसाठी घालू नका. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्या डोळ्यांना ती वेगळी दिसतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

प्रश्न : रेटून वापरावीत अशी ठिकाणं कुठली? मी गाड्यांवर नावं रंगवतो. (कोल्हापूर)

उत्तर : तुमचंच ठिकाण उत्तम आहे. एक-दोन शब्द, मोठा आकार, आणि तो शब्द बघणाऱ्याला आधीच माहीत असलेला. वर्तमानपत्रांची नावं याच कारणानं टिकली. न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, लंडनचं डेली टेलिग्राफ. ती नावं कुणी अक्षर अक्षर वाचत नाही, चेहरा ओळखावा तशी ओळखतात. न्यूयॉर्क टाइम्सच्या नावापुढे १९६७ पर्यंत पूर्णविरामही होता. बिअरच्या बाटल्या, पदव्यांचे कागद, थडग्यांचे दगड, लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वस्त्यांच्या भिंती, सगळीकडे हाच हिशेब. गाडीच्या टाकीवर रंगवताना ब्रश चपटा घ्या आणि हात फिरवू नका. रेघ ओढा, थांबा, ब्रश न वळवता पुढची ओढा.

प्रश्न : देवनागरीत असा फाँट करता येईल का? मी शिरोरेघेला काटे आणि टोकं लावून पाहिली, पण सगळं भयपटाच्या जाहिरातीसारखं दिसतं. (नाशिक, डीटीपी करणारा वाचक)

उत्तर : तुमचे नमुने चार दिवस टेबलावर ठेवले होते. मेहनत दिसते, म्हणून नीट लिहिते.

२०१४ साली मुलीकडे फ्रँकफुर्टला गेले होते. तिथून लोकलनं ओफेनबाख अगदी जवळ आहे. कोख तिथल्याच क्लिंगस्पोर बंधूंच्या फाउंड्रीत १९०६ पासून काम करत होता, आणि त्या फाउंड्रीच्या नावाचं संग्रहालय आज त्या गावात आहे. १९२६ सालच्या त्या क्लिंगस्पोर-गोटिश टाईपाला दोघा भावांपैकी विल्हेल्मचं नाव दिलं आहे. तो टाईप छापलेल्या कागदासमोर मी बराच वेळ उभी होते. डोळे किलकिले केले की अक्षरं जातात आणि कापड उरतं. काळा धागा, पांढरा धागा, काळा, पांढरा. 'टेक्स्टुरा'चा अर्थही वीणच. कोखच्या कार्यशाळेत तर अक्षरं विणलेले खरेखुरे भिंतपडदेही तयार होत असत. मग मी काटे शोधले. काटे आहेत, पण इतके बारीक की हातभर अंतरावरून दिसत नाहीत. भारदस्तपणा त्या काट्यांतून येत नाही, विणीतून येतो.

तुम्ही काटे आणलेत, वीण आणली नाहीत.

देवनागरीत वीण कुठे मिळेल, तर कान्यात. 'पाषाण' लिहून बघा. प, कान्याचा आ, ष, पुन्हा आ, ण. उभे दांडे आपोआप रांगेत येतात. आता 'हळद' लिहा. ह, ळ, द, एकालाही खालपर्यंत जाणारा दांडा नाही. तिन्ही शिरोरेघेला दोरीवरच्या कपड्यांसारखी लोंबतात. तुमच्या फाँटात 'पाषाण' बरा दिसतो आणि 'हळद' कोसळते, त्याचं कारण हे. म्हणजे खरं काम ह, ळ, द, ट, ड, र या अक्षरांवर आहे. त्यांची पोटं गोल न ठेवता दोन कोनांत मोडावी लागतील, आणि त्यातली एक बाजू कान्याइतकीच जाड आणि उभी करावी लागेल. म्हणजे लोंबणाऱ्या अक्षरांतही एक दांडा भासेल. शिरोरेघ मात्र साधी ठेवा, कान्यापेक्षा जरा बारीकच. ती मुळातच सगळ्यांना बांधून ठेवते. काळ्या रोमन अक्षरांना जो आधार नाही तो आपल्याला फुकट मिळाला आहे, त्यावर खिळे ठोकायची गरज नाही.

दुसरी गोष्ट हाताची. तुम्ही इंग्रजी कॅलिग्राफीचा निब वापरून आराखडे केलेत, हे कागदावर कळतं. देवनागरीच्या बोरूचा काप आणि रोमनच्या निबाचा काप एकमेकांच्या उलट बाजूला तिरपा असतो. इंग्रजी निबानं देवनागरी लिहिली की जाडी भलत्या जागी जाते, आणि मग ती झाकायला नक्षी सुचू लागते. आधी बोरू घ्या. बोरू नसेल तर दोन पेन्सिली रबरबँडनं बांधा. दोन टोकांमधलं अंतर म्हणजे दांड्याची जाडी, आणि अक्षराची उंची त्याच्या पाचपट. टेक्स्टुराला हेच माप लागतं, देवनागरीला वर-खालच्या मात्रा-उकारांसाठी वेगळी जागा सोडा. दांडा जेवढा जाड तेवढीच पुढची पांढरी फट.

फाँटचं सॉफ्टवेअर महिनाभर उघडू नका. 'हळद' हा एकच शब्द रोज दहा वेळा लिहा आणि त्यातले शेवटचे तीन कागद मला पाठवा, म्हणजे 'ळ'च्या दोन पोटांचं काय करायचं ते आपण पुढच्या अंकात बघू.